खंडेनवमीचा अनुशेष

तुंबलेल्या कामाला आमच्या ऑफिसात अनुशेष म्हणतात. शब्द असा भारदस्त, की वाटावं आपण काहीतरी कमावलंच आहे. डोंबलाचं कमावलंय! घरी आई त्यालाच ‘राहिलेलं’ म्हणते. लालबागच्या आमच्या खोलीत तिच्या शिलाई मशीनशेजारी शेजारणींच्या राहिलेल्या ब्लाउजांचा ढीग कायम असतो.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी सुट्टी असूनही लॅपटॉप उघडून बसलो होतो. आईने मशीन पुसलं, कात्रीला हळदकुंकू लावलं आणि माझ्यासमोरचा लॅपटॉप उचलून पाटावर मांडला. वर झेंडूचं फूल.

“आजचा दिवस हत्यारांना हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “माझ्याही नाही, तुझ्याही नाही.”

मग ब्लाउजांच्या ढिगाकडे पाठ करून ती चक्क झोपली. वर्षभरात दुपारची अशी झोप तिला एवढीच. मीही तिथेच लादीवर आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच उशाशी मोबाईल वाजला. साहेब विचारत होते, अनुशेषाचं काय झालं?

मी पाटाकडे पाहिलं. मशीन, कात्री, लॅपटॉप, सगळ्यांची पूजा झाली होती. मोबाईलची तेवढी राहिली होती.