म्हातारीला पद नसतं

कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात वर पत्र्याला रुई साठते. कोणी मुद्दाम साठवत नाही. रोज थोडी उडते, चिकटते, आणि एक दिवस डोक्यावर गोळाच पडतो! आमच्या भिवंडीच्या नाटक मंडळीचे किस्से असेच साठलेत. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकलो ती नाटकाचे बोर्ड वाचून. त्यामुळे लिहिणं सावकाश चालतं. पण यमुनाबाईंचं नाव निघालं की हात पळायला लागतो बघा!

सत्तर सालानंतरची ती वर्षं. दिवसा मी लूमवर आणि यमुनाबाई त्याच कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. सुट्टीच्या दिवशी संगीत नाटक! मी तबल्यावर, त्या स्टेजवर.

बाई ऐन पंचविशीत मंडळीत आल्या. मास्तरांनी, म्हणजे आमच्या डायरेक्टरांनी, त्यांना थेट सासूचा रोल दिला. त्यांचा मुलगा झालेला हिरो चाळिशीचा, टक्कल पडलेला!

बाई म्हणाल्या, "मास्तर, माझं पोरगं माझ्याहून थोरलं कसं?"

"संगीत नाटकात वय बघत नाहीत बाई, गळा बघतात."

"मग बघा की माझा गळा! मला पद हाय का?"

"न्हाय. म्हातारीला पद नसतं."

झालं! तेव्हापासून नवीन नाटक बसायला लागलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "मास्तर, मला पद हाय का?" आणि मास्तरांचं उत्तरही ठरलेलं. सगळे हसायचे. बाईही हसायच्या. पण कारखान्यात कांड्या भरताना त्या नाटकातली सगळी पदं म्हणायच्या, हे मला माहीत होतं. लूमच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही, नुसते ओठ हलताना दिसायचे.

*

पडघ्याला प्रयोग झाला. त्यात सासू सुनेच्या पुढचं ताट उचलून नेते. बाईंनी ते असं काही उचललं, की बायकांच्या रांगेतून शिव्याच सुरू झाल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीची वाट बघत होतो. बाई भाजीवालीकडे वांगी घ्यायला गेल्या. तिने टोपलीवर फडकंच टाकलं.

"तुला न्हाय देनार! आधी सुनेला जेवाया घाल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "घालते गं माय. तिसऱ्या अंकात घालते. तू काल मधीच उठून गेलीस."

भाजीवाली ओशाळली. वांगी फुकट मिळाली, वर कोथिंबीर!

*

आमची हिरॉईन कुसुमताई, कल्याणहून यायची. आवाज गोड, पण माईकशिवाय तोंड उघडायची नाही. तिचं एक पद फार गाजायचं, 'दीप लाविला उंबऱ्यापाशी'. नवरा परगावी गेलाय, सून दारात वाट बघत बसलीय, असा प्रसंग.

अंबाडीच्या प्रयोगात कुसुमताई अंतराच विसरली! मी तबला वाजवतोय, वाजवतोय, समेवर येतोय, परत फिरतोय. घाम फुटला! मास्तर विंगेत कपाळ धरून उभे.

तेवढ्यात सासू केरसुणी घेऊन एन्ट्री करते! त्या जागी तिची एन्ट्रीच नव्हती.

"काय गं, 'तेल सरले, वात जळाली' म्हणून रडत बसायचं असंल, तर तेल काय तुझ्या बापानं पाठवलंय?"

कुसुमताईला शब्द सापडले! तिने तिथूनच उचललं, "तेल सरले, वात जळाली..." लोकांना वाटलं नाटकातच आहे. टाळ्या! वन्समोअर!

चहा पिताना बाई मला म्हणाल्या, "भाऊ, वन्समोअर तिला. तेल माझं!"

हसल्या खऱ्या. पण तो चहा त्यांनी अर्धा तसाच टाकला.

*

अकलोलीला जत्रेत दुपारचा प्रयोग होता. केसांना सफेदा, काजळाने काढलेल्या सुरकुत्या. प्रयोग संपल्यावर बाई तशाच गरम पाण्याच्या कुंडावर गेल्या. काठावर गावातल्या म्हाताऱ्या बसलेल्या. पाण्यात उतरली ती पांढऱ्या केसांची म्हातारी, वर आली ती काळ्याभोर केसांची तरणी बाई!

एका आजीने त्यांचा हातच धरला. "पोरी, किती डुबक्या मारल्यास गं?"

"एकच, मावशे!"

त्या दिवशी कुंडात पाय ठेवायला जागा राहिली नाही म्हणतात!

*

आणि आता भिवंडीचा तो प्रयोग. रविवारची दुपार, आमच्या पाळीला सुट्टी, दुसरी पाळी चालू. आमच्याच कारखान्याला लागून पत्र्याचा हॉल. बाहेर लूमचा खडखडाट, आत माईक लावून नाटक. 'दीप लाविला'ची वेळ आली आणि लाईट गेली!

माईक बंद. पंखे बंद. आणि लूमही बंद! भिवंडीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

कुसुमताई आत निघून गेली. "माईक नाही तर मी गाणार नाही!" लोक उठायला लागले. मास्तर हात चोळत विंगेत उभे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तर, मला पद हाय का?"

मास्तरांनी हात जोडले. "हाय बाई, हाय! जा!"

सासूच उंबऱ्यावर बसली. सून नवऱ्याची वाट बघायची, ही मुलाची बघायला लागली. शब्द तेच. पण उठलेले लोक परत बसले हो! लाईट गेल्यामुळे मोकळे झालेले लूमवाले कारीगर खिडक्यांशी जमले. निम्म्यांना मराठी येत नव्हतं. पद संपलं. मग खिडकीतून आमच्या जॉबरचा, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या रहीमचाचांचा आवाज आला.

"एक बार और, अम्मा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तबल्यावर हात ठेवला. पुन्हा सुरू.

पहिला अंतरा झाला आणि लाईट आली! बल्ब पेटले, पंखे फिरायला लागले. माईक अजून बंदच. आता लूम सुरू होणार, बाईंचा आवाज बुडणार! मी ठेका जोरात धरला आणि वाट बघत राहिलो.

एकही लूम सुरू झाला नाही.

शेठ धावत आले. "अरे, लाईट आली! कारखाना बंद का?"

रहीमचाचांनी ओठांवर बोट ठेवलं. "सेठ, धीरे. दूसरा अंतरा चल रहा है।"

शेठ खिडकीत वाकले. थोडा वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पहला कैसा था?"