पेनरच्या गाई

ऑर्विल लाहटीचा आवाज आमच्या रेडरिज गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. हिवाळ्यात तो सरकारी ट्रक घेऊन रस्त्यांवरचा बर्फ काढायचा, आणि शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या रिंकमध्ये बसून आइस हॉकीच्या पंचांना झापायचा. आमच्या संघाच्या गोलमागे, काचेला जवळजवळ नाक लागेल अशा बाकावर तो आणि त्याची बायको बर्निस बसायचे. त्यांच्या मागे मी आणि माझा नवरा. इतकी वर्षं त्या दोघांच्या टोप्यांच्या मधून सामने बघितल्यावर मला त्यांच्या माना चेहऱ्यांइतक्याच ओळखू येतात.

ऑर्विल स्वतः कधी खेळला नाही. लहानपणीच बाप तांब्याच्या खाणीतल्या अपघातात गेला, पाठीमागे भावंडं. स्केट्स कोण घेऊन देणार? पण रेडरिज कॉलेजचा संघ त्याने आपला मानला होता. पंचाला तो विचारायचा, "अरे, चष्मा आज बायकोने घातलाय का तुझा?" आपल्या पोरांसाठी मात्र त्याने कधी वाकडा शब्द वापरला नव्हता. दुसऱ्या कुणी वापरला तर वळून बघायचा, आणि तेवढं पुरायचं.

त्या वर्षी संघाची पार दैना झाली होती. चांगली पोरं पदवी घेऊन गेलेली, प्रशिक्षक नवखा. थंडी सुरू झाल्यापासून जे हरायला लागले ते नाताळ उलटला तरी हरतच होते. लेनी बर्टुचीच्या सलूनमध्ये ऑर्विल केस कापायला बसला की लेनी त्याच्या गळ्याभोवती चादर आवळत म्हणायचा, "ऑर्विल, या शनिवारी ट्रक घेऊनच आत जा. समोरच्यांना ढकलत तरी नेशील."

"हस लेका. मार्चमध्ये बोलू."

"मार्चपर्यंत तुझी पोरं जिवंत राहिली तर."

गोल राखायला डॅरिन पेनर होता. सीमेपलीकडच्या मॅनिटोबातला, दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, लाजाळू, आणि कान असे की शिरस्त्राणात कसे मावतात असं वाटावं. लांबून आलेल्या खेळाडूंना रविवारी कुणी ना कुणी घरी जेवायला बोलवायचं, अशी आमच्या चर्चची जुनी रीत. डॅरिन पहिल्या वर्षापासून लाहटींकडे जायचा. आधी ऑर्विलला लाकडं फोडून द्यायचा, मग दोघं सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत, बसून घाम काढायचे, मग बर्निसच्या पास्ट्या. मांस, बटाटे आणि सलगम भरलेल्या त्या पास्ट्या तो एकामागून एक संपवायचा आणि नंतर तिच्या शेजारी उभा राहून भांडी पुसायचा. लाहटींची मुलगी मिलवॉकीला संसारात गुंतली होती. रविवारचं ते तिसरं ताट बर्निसला किती हवंसं होतं ते आम्हा शेजाऱ्यांना दिसायचं.

अशाच एका रविवारी डॅरिनने घरची गोष्ट सांगितली. तो कॉलेजला निघाला तेव्हा बाप गोठ्यात होता. गाईच्या पोटाशी बसलेला, मान वर न करता म्हणाला, "दोनचार गोल खाल्लेस की येशील परत धारा काढायला." डॅरिनने हे हसत हसत सांगितलं. ऑर्विलही हसला. बर्निसने न विचारता त्याच्या ताटात आणखी एक पास्टी ठेवली.

जानेवारीतल्या त्या शनिवारी बर्निस तापाने घरी होती. सामना शेजारच्या गावच्या कॉलेजशी, म्हणजे ज्यांच्याशी हरल्यावर आठवडाभर किराणा दुकानातसुद्धा मान खाली घालून जावं लागतं त्यांच्याशी. लेनी किराण्याच्या कागदी पिशव्या घेऊन आला होता. डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेल्या.

"तोंड दाखवायला जागा नाही ठेवली यांनी," तो म्हणाला. "घाला डोक्यात."

चारपाच जणांनी घातल्या. ऑर्विलने पिशवी मांडीखाली सारली. पहिलं सत्र गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात डॅरिनच्या पायांमधून अगदी हळू, घरंगळत खेळाची रबरी चकती आत गेली. पलीकडच्या बाजूचे लोक उभे राहून नाचायला लागले. ऑर्विलने मांडीखालची पिशवी काढली आणि डोक्यात घातली.

मग त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "हलतोस का, की झोपलास? अरे, आमच्या दारातला खांब बरा." लोक हसले. हसले तसा तो आणखी चढला. पुढचा गोल झाला आणि ऑर्विल उभा राहिला.

"पेनर! बाप म्हणत होता ते खरं होतं तुझा! जा घरी, धारा काढ!"

कुणीतरी हंबरलं. मग दुसरा. बघता बघता आमचा सगळा कोपरा गोठा झाला.

डॅरिन वळला. काच मध्ये, अंतर हाताभराचं. त्याने मुखवटा कपाळावर सरकवला आणि ओळीने बसलेल्या पिशव्यांवरून एकेक करत नजर फिरवली. एका पिशवीवर ती थांबली. पंचाने शिट्टी मारली तेव्हा त्याने मुखवटा खाली ओढला आणि पाठ केली. ऑर्विल खाली बसला. सामना संपेपर्यंत त्याने पिशवी काढली नाही, मला वाटतं त्याला ती काढताच येईना.

दुसऱ्या दिवशी बर्निसला बरं वाटलं म्हणून तिने पास्ट्या केल्या. डॅरिनचा फोन आला, परीक्षा आहे, जमणार नाही. पुढच्या रविवारीही परीक्षाच होती.

हंबरणं मात्र थांबलं नाही. कॉलेजच्या पोरांनी ते उचललं. डॅरिनच्या काठीला चकती लागली की चारी बाजूंनी हम्मा. बाहेरगावच्या सामन्यांतही तिथले लोक हंबरायला लागले म्हणे. ऑर्विल बाकावर गप्प बसून असायचा. मी विचारलं तर म्हणाला, घसा बसलाय.

तापानंतरचा खोकला थांबला तसं फेब्रुवारीत बर्निस पुन्हा सामन्याला आली. पहिल्याच हंबरण्याला तिने मान वळवली. "हे काय चाललंय, लेनी?"

लेनी हसत म्हणाला, "नवऱ्याला विचार. ही त्याचीच कृपा. बापाचं नाव घेऊन पोराला धारा काढायला धाडलं याने."

 बर्निसने हातमोजे काढले, पुन्हा घातले. सत्र संपल्यावर उठली आणि गाडीत जाऊन बसली. त्या थंडीत, गाडी सुरू न करता. ऑर्विल मागोमाग गेला. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. दोघं घरी पोचले. मग ती स्वयंपाकघरात कोटासकट उभी राहून म्हणाली, "तो हे माझ्या टेबलावर बोलला होता, ऑर्विल."

"मला माहीत आहे."

"त्याला सांगितलंस, की तू होतास?"

"त्याला कळलंय."

"ते नाही विचारलं मी."

सोमवारी ऑर्विल रिंकवर गेला. सराव संपवून पोरं बाहेर पडत होती. डॅरिन सगळ्यात शेवटी आला, ओलं डोकं, खांद्यावर थैला. ऑर्विलने टोपी काढून हातात धरली होती.

"डॅरिन, त्या दिवशी पिशवीत मी होतो."

"माहीत आहे, मिस्टर लाहटी. या गावात ते मी एकाच घरी बोललो होतो."

ऑर्विलला वाटलं होतं पोरगा चिडेल. तो चिडला असता तर बरं, असं ऑर्विल पुढे कितीदा तरी म्हणाला. डॅरिन भिंतीला टेकला आणि म्हणाला, "गाईंचं मला काही नाही. मला गाई आवडतात. पण बाबा येतायत. इथल्या शेवटच्या सामन्याला. तीन वर्षांत पहिल्यांदा, शेजाऱ्याच्या हवाली गोठा करून. मी त्यांना फोनवर सांगत आलोय की इथले लोक मला मानतात."

ऑर्विल हातातली टोपी फिरवत राहिला.

"ते थांबवता येईल का?" डॅरिनने विचारलं. "फक्त त्या दिवशी?"

त्या आठवड्यात ऑर्विल दारोदार फिरला. ज्यांच्या दारासमोरचा बर्फ त्याने वर्षानुवर्षं काढला होता, त्यांच्याच दारांची घंटा वाजवत. सलूनमध्ये त्याने गिऱ्हाइकांदेखत सगळं सांगितलं. लेनी कात्री थांबवून म्हणाला, "मजा होती रे ती."

"मजाच होती. मीच केली ना."

मग तो कॉलेजच्या खाणावळीत गेला. माझी भाची तेव्हा तिथे शिकत होती, तिच्यासमोर हे घडलं. पोरं शेवटच्या सामन्यासाठी पांढऱ्या चादरींवर काळे ठिपके रंगवत बसली होती, गाई व्हायला. ऑर्विल टेबलांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. रिंक दणाणून सोडणाऱ्या माणसाचा आवाज मागच्या टेबलापर्यंत पोचेना. "जरा मोठ्याने, आजोबा," कुणीतरी म्हणालं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो मुलगा माझ्या घरी जेवायचा. त्याने विश्वासाने सांगितलेलं मी चव्हाट्यावर आणलं. आता त्याचा बाप येतोय.

चादर रंगवणाऱ्या एका मुलीने विचारलं, "पण तुम्ही असं केलंत का?"

"पिशवीत मी कुणाला दिसत नव्हतो," ऑर्विल म्हणाला.

दोघं हसले. बाकीच्यांनी हसणाऱ्यांकडे बघितलं नाही.

शनिवारी अब्राम पेनर आले. मोठे, सावकाश चालणारे गृहस्थ. कोट चर्चमध्ये घालायचा असावा. बर्निसने त्यांना आपल्या बाकावर ऑर्विलशेजारी बसवलं आणि थर्मासमधली कॉफी दिली. चादरी कुठे दिसल्या नाहीत. पहिलं सत्र शांततेत गेलं. डॅरिनने एक अवघड चकती हवेत झेलली तेव्हा लोकांनी अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि अब्राम पेनरनी वळून सगळ्यांकडे बघितलं, जणू त्यांना खात्री करून घ्यायची होती की या टाळ्या त्यांच्या मुलासाठीच आहेत. ऑर्विलची मान थोडी सैल झाली.

दुसऱ्या सत्रात आमच्यावर गोल व्हायला लागले. तिसरा झाला तशी पाहुण्यांच्या बाजूने एक हम्मा आली. त्यांना कोण सांगायला गेलं होतं? आणि मग आपल्याच वरच्या रांगांतून, सवयीने, आणखी काही.

"हे काय?" अब्राम पेनरनी विचारलं.

ऑर्विलला काहीही सांगता आलं असतं. इथली पद्धत आहे म्हणाला असता तरी त्या माणसाने मानलं असतं. मागून मला त्याची मान कॉलरपासून वर लाल होत गेलेली दिसली.

"तुमच्या मुलाला उद्देशून आहे ते," तो म्हणाला. "सुरुवात मी केली. तुम्ही त्याला गोठ्यात जे म्हणालात, निघताना, ते त्याने आम्हाला जेवताना सांगितलं होतं. एका सामन्यात मी ते त्याच्यावर ओरडलो. तोंड झाकून."

मागे हंबरणं चालूच होतं. लेनी उठून तरातरा वर गेला आणि कुणाला तरी दरडावायला लागला.

अब्राम पेनर बर्फाकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "त्याने सांगितलं तुम्हाला? कसं? हसत?"

"हसत."

त्यांनी थर्मासचं झाकण दोन्ही हातांत धरलं होतं. "मी मान वर केली नाही त्या दिवशी," ते म्हणाले. "केली असती तर माझं तोंड त्याला दिसलं असतं. मला वाटलं तो विसरला असेल."

दोन वयस्क माणसं मांड्यांवर हात ठेवून शेजारी शेजारी बसली होती, शिक्षा झालेल्या पोरांसारखी, आणि बर्निस त्यांच्या पलीकडे समोर बघत होती. संघ हरला. कुणालाच त्याचं नवल नव्हतं. सामना संपल्यावर अब्राम पेनर बोळातून खेळाडूंच्या खोलीकडे गेले. ऑर्विल त्यांच्याबरोबर गेला नाही. आम्ही निघताना मी बघितलं, बाप आणि मुलगा भिंतीशी उभे होते, मुलाचा थैला बापाच्या खांद्यावर होता आणि बाप मान वर करून बोलत होता, कारण मुलगा आता त्याच्याहून उंच होता.

रविवारी दोघंही लाहटींकडे जेवायला आले. अब्राम पेनर वैरणीच्या भावाबद्दल बोलले आणि पास्टीत सलगम कशाला, असं म्हणत तीन खाल्ल्या. डॅरिनने भांडी पुसली. निघताना दारात तो ऑर्विलला म्हणाला, "बाबांना तुम्ही स्वतः सांगितलंत."

"हो."

"मला वाटलं नव्हतं सांगाल."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, ऑर्विलने विचारलंही नाही. पुढच्या वर्षी डॅरिन यायचा, दर रविवारी नाही, अधूनमधून. हवापाण्याचं बोलायचा, खेळाचं बोलायचा. घरचं काही त्याने त्या टेबलावर पुन्हा काढलं नाही. बर्निस वाट बघायची. ऑर्विलला ती त्याबद्दल एका शब्दानेही बोलली नाही, आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

डॅरिन पदवी घेऊन गेला, संघ यथावकाश सावरला, पण हंबरणं राहिलंच. आता ते पाहुण्यांच्या गोलकीपरसाठी असतं. नव्या पोरांना वाटतं ही कॉलेजची फार जुनी, प्रेमळ परंपरा आहे. शिंगांच्या टोप्या विकायला असतात. ते सुरू झालं की ऑर्विल उठतो आणि बाहेर कॉफीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. कधी रांगेतला एखादा नवखा त्याला विचारतो, "तुम्ही जुने दिसता, हे हंबरायचं कुणी काढलं हो?"

ऑर्विल दर वेळी सगळं सांगतो, आपल्या नावासकट. ऐकणारा आधी हसतो, मग कुठे बघावं ते त्याला कळत नाही. मग ऑर्विल दोन कॉफ्या घेतो, एक बर्निससाठी, आणि तिसरं सत्र बघायला आत जातो.