लीनाचं खरं नाव

आमच्या गावात वेझर नदीवर धुकं उतरलं की सगळे खिडक्या लावून घेत. आल्मुट टीडगेन मात्र लोकरीचं दुकान बंद करून धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसायची. माझी बेकरी तिच्या दुकानाला लागूनच. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "स्वाकोपमुंडला रोज सकाळी असंच समुद्रावरून यायचं. त्याला वास होता. याला नाही."

तिचा जन्म तिथला, आफ्रिकेतल्या आमच्या जुन्या जर्मन वसाहतीतला. बाप फौजेत होता, पहिल्या महायुद्धात तिकडेच पडला. वसाहत गेली, तेव्हा इंग्रजांनी मायलेकींना बोटीत बसवून इकडे धाडलं. आल्मुट तेव्हा दहा वर्षांची होती. आईला ते ऊन-वाळू कधीच सोसलं नव्हतं, ती इकडे येऊन सुखावली. मुलगी नाही सुखावली. तिला वाढवलं होतं लीना नावाच्या, तिथल्या हेरेरो जमातीच्या बाईनं. आल्मुट म्हणायची, आईची कुशी मला आठवत नाही, लीनाची पाठ आठवते, तिच्यावर बांधून ती मला हिंडवायची.

गावच्या बागेत एक दगड होता, वसाहतीत पडलेल्या सैनिकांच्या नावांचा. दरवर्षी तिकडून आलेली म्हातारी मंडळी तिथं फुलांचं चक्र ठेवत, गाणी म्हणत, मग माझ्याकडचा बटर केक आणि कॉफी. आल्मुट जायची ती गाण्यांसाठी नाही. तिथल्या गावांची नावं उच्चारली की निदान चार माना ओळखीनं हलत, तेवढ्यासाठी.

अडुसष्ट साली शहरातल्या विद्यार्थ्यांनी त्या दगडावर लाल रंग ओतला. गाव पेटलं. शेवटी खानावळीच्या दालनात सभा बोलावली. म्हातारे म्हणाले, आम्ही रेल्वे बांधली, विहिरी खणल्या. विद्यार्थी म्हणाले, हेरेरो बायकापोरांना वाळवंटात तहानेनं मारलंत, उरलेल्यांना छावण्यांत कोंडलंत, ते कुठल्या दगडावर लिहिलंय? कुणी म्हणालं, हिटलरचं ओझं काय कमी आहे, म्हणून आता आजोबांचंही उकरताय?

मग आल्मुट उठली. म्हणाली, सगळंच वाईट नव्हतं. मला एका हेरेरो बाईनं आईसारखं वाढवलं, तिचं माझ्यावर प्रेम होतं, ते तरी खोटं म्हणू नका.

विद्यार्थ्यांत एक हेरेरो तरुण बसला होता, गोटहार्ड हेंगारी. डॉक्टरी शिकत होता. त्यानं शांतपणे विचारलं, "बाई, तिचं नाव काय होतं?"

"लीना."

"ते तुम्ही ठेवलेलं. तिचं नाव?"

आल्मुट उभीच राहिली. बोलली, पण कुणाशी ते कळलं नाही. "तिच्या गळ्यात पितळेचा बिल्ला असायचा. सगळ्याच काळ्यांना घालावा लागायचा. मी तिच्या मांडीवर बसून त्याच्याशी खेळायचे. आकडे मी त्याच्यावर शिकले. तीनशे सतरा." मग म्हणाली, "नंबर आठवतो. नाव मी कधी विचारलंच नाही."

सभेत त्यानंतरही बरीच भांडणं झाली. दगड ठेवायचं ठरलं, रंग तेवढा घासून काढला. पण आल्मुट पुन्हा चक्र वाहायला गेली नाही. पुढच्या रविवारी हेंगारी तिच्याकडे कॉफीला आला. तिनं बोलावलं होतं, आणि तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. सुरुवातीला दोघं अवघडून बसली होती. त्यानं घरी धुरी दिलेल्या सुक्या भोपळ्याच्या भांड्यात ठेवतात त्या आंबट दुधाची गोष्ट काढली, आणि आल्मुटला लीनाच्या अंगाचा वास एकदम ओळखू आला. रडलीच ती.

हेंगारीला परत जाता येत नव्हतं. तिकडे आता दक्षिण आफ्रिकेचं राज्य होतं. त्या राज्याविरुद्ध तो इथं उघड बोलायचा, पाय ठेवताच धरला असता. जाताना दारात म्हणाला, "गंमत बघा, टीडगेनबाई. घर माझं, आणि जाता येतं तुम्हाला."

तीन वर्षांनी ती तिकडे गेली. स्वाकोपमुंडला गावाबाहेर वाळूचे बिननावाचे उंचवटे होते, मैलभर. छावणीत मेलेल्यांच्या कबरी. लहानपणी आपण यांच्यावरून घसरगुंडी खेळायचो, हे तिला तिथं उभं राहिल्यावर कळलं. लीनाचा पत्ता लागला नाही. मग एका पाद्र्याबरोबर, काळ्यांच्या वस्तीत शिरायचा परवाना काढून, ती आतल्या भागात ओकाहान्जाला हेंगारीच्या आईकडे गेली. म्हातारीला लीनाबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, बाई, घरोघर लीना होत्या. आणि तिनं आल्मुटचा हात हातात घेऊन लेकाचं वजन किती आहे ते विचारलं.

आल्मुट परतली त्या संध्याकाळी मी पाव द्यायला दुकानावरच्या तिच्या घरी गेलो होतो. हेंगारी स्वयंपाकघरात बसला होता. आई कशी बसली होती, कुठल्या रंगाचा झगा होता, दात किती राहिलेत, हसताना अजून तोंडावर हात धरते का, असं तो विचारत होता. आल्मुटचं सांगून झालं, की तो पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. तीही पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

मी पाव टेबलावर ठेवला. दोघांचंही लक्ष नव्हतं.