हवा काढल्याशिवाय नोंद नाही

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या सरांचे. मी महागावजवळच्या तांड्यातला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत माझं इंग्रजी अडलं तेव्हा सर म्हणाले, "मराठीत सांग ना बे, पाण्याले कुठं इंग्रजी येते?" आणि यवतमाळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मला कामाला घेतलं.

तिथे कारखान्यांचे व्हॉल्व्ह तपासतात. व्हॉल्व्ह पाइपावर बसवायचा, पंप सुरू करायचा, किती पाणी पुढे जातं आणि जाताना किती दाब खर्च होतो ते मोजायचं. व्हॉल्व्हच्या अलीकडून आणि पलीकडून एकेक बारीक नळी मापकाकडे येते. नळीत हवा अडकली की आकडा खोटा. म्हणून सर पहिल्या दिवसापासून ओरडायचे, "हवा काढल्याशिवाय नोंद नाही!"

गेल्या उन्हाळ्यात वणीकडच्या एका कोळसा खाणीसाठी व्हॉल्व्ह आला. खाणीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पाइपावर तो बसणार होता. पूर्ण उघडला तरी पाणी अडवत होता. मी पुन्हापुन्हा हवा काढून पाहिलं. नापासच.

व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस तिथेच चहा पीत बसला होता. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अलीकडच्या नळीत थोडी हवा राहू दे. दाबाचा खर्च कमी दिसन, पास होऊन जाईन."

"सर, तुम्हीच तर शिकवलं..."

"मंग आता मलेच शिकवून राह्यला काय?"

कारखान्याचा माणूस हसला. "सर, तुमचा चेला लईच सोवळा निंगाला."

"खाली माणसं असतात सर. पाणी चढलं तर?"

"तुले इथं कोणं आणलं ते आठव. अन् रिपोर्टवर सही कर."

पंप बंद करून मी सही न करता निघालो. खोलीवर येऊन सरांना पत्र लिहिलं:

"सर, नमस्कार.

रागात लिहितो आहे, तरी विचार करून लिहितो आहे. मी सही करणार नाही. दुसऱ्या कोणाची घेतलीत, तर खाणीच्या अभियंत्यांना मी स्वतः जाऊन खरे आकडे सांगेन. तुमचे उपकार मी जन्मभर मानीन. तुम्ही ते आज त्या परक्या माणसासमोर काढलेत आणि त्या उपकारांच्या बदल्यात खोटं मागितलंत, याचा मला संताप आहे. उद्या नेहमीच्या वेळेला कामावर येतो. काढून टाकायचं असेल तर तोंडावर सांगा.

आपला विद्यार्थी."