हाताने न फिरणारा व्हॉल्व्ह

धुकं इतकं दाट होतं, की आधी चावी दिसायची आणि मागून काका. चावी म्हणजे छातीइतका उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण सारायचं, दांडा आत सोडायचा आणि नळाचं पाणी या गल्लीतून त्या गल्लीत वळवायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळ्यांचे ते चावीकाका. त्या शनिवारीही त्यांनी रोजच्यासारखा आधी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आवळला आणि मगच चढावरच्या गल्लीचा उघडला. हा क्रम चुकवून चालत नाही. खालची वाट मोकळी सापडली, तर पाणी चढ चढायच्या भानगडीत पडतच नाही. पाण्यासारखा आळशी प्राणी दुसरा नाही, असं काकांचं ठाम मत.

चढावरच्या एका बाईंनी खिडकीतून विचारलं, उद्या जाताय ना डोंगरावर? जातोय म्हणाले काका. बाईंनी हसू दाबत खिडकी लावून घेतली.

हसण्यासारखंच होतं. काकांच्या मामांच्या परसात एक जुनी मोटार उभी असायची. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. काकांनी कोंबड्यांची समजूत काढून ती घरी आणली, घरामागच्या शेडमध्ये ठेवली आणि सगळी खोलून पुन्हा जुळवली. तेव्हापासून शेड मोटारीची, आणि काकूंचा शिवणाचा वर्ग बाहेरच्या खोलीत, पलंग भिंतीला उभा करून. बरं, मोटार चालायचीही. सपाटीवर अगदी गुणी. पण डोंगरावर काकूंच्या ताईचं घर, आणि तिकडे निघालं की पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकलाच, बॉनेटखालून वाफ निघालीच. ताईचे यजमान, म्हणजे काकांचे साडू, फोनवर म्हणायचे की चहाला या, आधण तुमच्याच गाडीतून काढू.

शेवटी काकूंनी निकाल लावला. रविवारी गाडी न उकळता ताईच्या दारात पोचली, तर पोचली. नाही तर सोमवारी भंगारवाला येईल आणि शेडमध्ये शिलाई मशीन जातील. काकू बोलल्या ते हसत बोलल्या, म्हणून काकांना जास्तच भीती वाटली.

तसं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं त्यांनी. इंजिनातलं पाणी गार करणारा रेडिएटर उतरवून उलटसुलट पाणी मारून धुतला. वॉटर पंप नवा बसवला, पंख्याचा पट्टा ताणला, झाकण बदललं, एकेक रबरी पाइप हाताने दाबून पाहिला. शनिवारी दुपारी शेवटची परीक्षा म्हणून निघाले. काकू शेजारी बसल्या, मांडीवर अर्धवट शिवलेली बाही घेऊन. वळण आलं. काटा लाल.

काकांनी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि बॉनेट उघडलं. काकू उतरल्या. इस्त्री तापली की नाही हे ओलं बोट टेकवून बघायची त्यांची जुनी सवय. तेच बोट त्यांनी इंजिनाजवळ नेलं आणि चटकन मागे घेतलं. मग रेडिएटरच्या जाळीला टेकवलं. बोट तिथंच राहिलं. मग अख्खा पंजा टेकला.

"अहो, हे तर कोमटसुद्धा नाही."

"काय?"

"ही जाळी. शेजारी आग लागलीय आणि हिला पत्ताच नाही."

काकांनी हात लावून पाहिला. खालचा पाइप चाचपला, तोही गार. मग त्यांची नजर पंपाजवळच्या लहानशा आडव्या पाइपावर गेली आणि तिथंच खिळली. काकूंना वाटलं, आता हे रडतात की काय.

"अगं," काका हळूच म्हणाले, "मी खालची गल्ली उघडी ठेवलीय."

झालं होतं असं. इंजिन जुळवताना त्यांना आत एक पितळेची डबी सापडली होती, थर्मोस्टॅट. गार असताना पाणी त्या लहान पाइपाने इंजिनातच फिरवायचं, आणि तापलं की लहान वाट बंद करून रेडिएटरची मोठी वाट उघडायची, हे तिचं काम. पण ती हे करते आपली आपण, कुणी न फिरवता. आयुष्यभर हाताने व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला ते पटेना. असल्या परस्पर कारभाराचा काय भरवसा, म्हणून काकांनी ती काढूनच टाकली. दोन्ही वाटा मोकळ्या, पाणी जाईना का खुशाल. आणि पाणी खुशाल जवळच्या वाटेने गेलं, पुन्हा पुन्हा इंजिनातच. रेडिएटरपर्यंत पोचलं ते जेमतेम.

"पण ती डबी तर मी फेकून दिली," काका म्हणाले.

"फेकलेली मी उचलली. वर्गात मापाच्या कागदांवर ठेवतो आम्ही, पंख्याने उडू नयेत म्हणून."

इंजिन निवल्यावर पाणी भरून ते हळूहळू घरी आले. काकूंनी दुधाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला आणि पोचे आलेलं जुनं दिलं. डबीला शिवणाचा दोरा बांधून ती पाण्यात सोडली, गॅस पेटवला. दोघं डोकं जुळवून बघत राहिले. पाणी चांगलं तापलं तशी डबी सावकाश उघडली; गार पाण्यात घातली तशी मिटली. काकांचा चेहरा असा झाला, जणू हाताखालच्या माणसाने न विचारता काम केलं आणि वर ते बरोबरही केलं. संध्याकाळी त्यांनी ती मुकाट्याने होती तिथं बसवली.

रविवारी टाकीजवळचं वळण आलं तेव्हा काकू बाहेरची झाडं बघत होत्या. निदान तसं दाखवत होत्या. काटा मध्यावर चढला, जरा थरथरला आणि तिथंच बसला. वळण मागे पडलं. काकूंनी काकांच्या गुडघ्यावर हलकी थाप मारली आणि पुन्हा झाडं बघायला लागल्या.

वर साडू दारात उभे होते, हातात पाण्याची बादली. काकांनी ती त्यांच्याच तुळशीजवळच्या कुंड्यांना घातली आणि सांगितलं की आज चहा चुलीवरच करावा लागेल, आमच्याकडे आधण नाही.

परतल्यावर काकू म्हणाल्या, "उद्या शेड रिकामी करा."

"पोचली की गाडी!"

"पोचली ना? मग धडधाकट गाडीला आत कशाला निजवायचं? आजारी होती तोवर मी काही म्हटलं का?"

काका लगेच शेडमधली हत्यारं आवरायला उठले.

"आणि माझ्या कागदांवर ठेवायला दुसरं काहीतरी जड शोधा."

सोमवारी पहाटे पुन्हा धुकं. गाडी गल्लीत उभी, टपावर दव. दोन मशीन शेडमध्ये गेल्या होत्या, तिसरी काका कामावरून परतल्यावर उचलायची होती. काकांनी जाता जाता बॉनेटवरून हात फिरवला, दांडा खांद्यावर टाकला आणि खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आवळायला निघाले.