डागावरची पट्टी

"यांची कातडी जाड असते. बघा, अजून वाढवतो."

डॉक्टर हे भोवती उभ्या विद्यार्थ्यांना म्हणाले. मला नाही. मी पलंगावर एका कुशीवर, साडी गुडघ्यांवर सरकवलेली. सरकवताना कुणी विचारलं नव्हतं. पडदा अर्धा उघडा. रांगेतली माणसं मला दिसत होती, म्हणजे त्यांनाही मी दिसत होते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पाय लाकडासारखे ताठ होतात, मध्येच झटके देतात. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर या आजाराला नाव नाही. पाय पहिल्यांदा आखडले तेव्हा आयने भगताला बोलावलं. "पाय मोकला व्हईल, पोरी," म्हणत तिनेच माझे खांदे दाबून धरले. त्याने तापल्या विळ्याने दोन्ही पोटऱ्यांवर डाग दिले. पाय मोकळे झालेच नाहीत. डागांच्या जागा तेवढ्या बधिर झाल्या.

डॉक्टरांच्या हाताशी होतं ते मशीन कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून बारीक करंट सोडतं. आजार जात नाही, पण कुणाकुणाचा ताठरपणा काही वेळ उतरतो. तेवढा वेळ मला हवा होता. अंगणवाडीत शिकवताना पोरांसोबत खाली बसता यावं, बस. त्या दिवशी गुण आला तर मशीन घरी मिळणार होतं. म्हणून मी तोंड मिटून पडले होते.

आधी डॉक्टरांनी डाग सगळ्यांना दाखवले. कुणीतरी हसलं. "घरी दिलं तर बैलाला लावतील," म्हणत त्यांनी पट्टी नेमकी डागावर चिकटवली. "जाणवतंय?" "नाही." बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग ते कातडीचं बोलले.

मला आयचा राग आला, भगताचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मेल्या जागेवर हा माणूस करंट वाढवतोय. भाजलं तरी मला कळणार नाही. आणि मी नुसतं 'नाही' म्हणतेय!

उठून बसले. पट्टी ओढून काढली.

"तिथं डाग आहे. तिथं मला कळत नाही. चार बोटं बाजूला लावा. आणि आधी पडदा ओढा."

"आता तू मला शिकवणार?"

"हो. पाय माझे आहेत."

मशीन मिळालं नाही. कागदावर लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.' मला वाचता येतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. साडी मी स्वतः वर घेईन. कुठं कळतं, कुठं नाही, ते बोट ठेवून सांगेन. माझं सांगून होईपर्यंत बटणाला कुणालाही हात लावू देणार नाही.