माझ्या बाजूची नणंद

जांभूळची ताई आमच्या घरी आली की चपला काढायच्या आधी टीव्ही बंद करायची. समोर कोण बसलंय, मॅच शेवटच्या ओव्हरला आलीय का, काही बघायची नाही. सरळ जाऊन बटण दाबायची आणि म्हणायची, "हां. आता मानसांचा आवाज येऊ दे."

ती माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. जांभूळला दिलेली, म्हणून जांभूळची ताई. माझं सासर अंबरनाथच्या कडेचं आगरी गाव. पूर्वी तिथं भातशेती होती, आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. टीव्ही बंद करायची सवय ताईला पहिल्यापासून नव्हती. ती लागली माझ्यामुळे. नवरा मला मारण्याआधी टीव्हीचा आवाज वाढवायचा, शेजारी काही ऐकू जाऊ नये म्हणून. सासूबाई अशा वेळी मागच्या पडवीत भांडी घासत बसायच्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या.

एका दुपारी ताई न सांगता आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. दारातच तिनं तो आवाज ऐकला आणि त्याच्याखाली दबलेला माझाही. तिनं आत येऊन बटण दाबलं. घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत माझी किंकाळी एवढी मोठी आली की मीच दचकले.

"बाल्या, हात खाली," ताई म्हणाली.

"ताई, तू मधी पडू नको. आमच्या नवरा-बायकोतलं हाय."

"तुमच्या दोघांतलं? मंग मांडव कशाला घातला होता? चार गावं जेवली तवा दोघांतलं नव्हतं?"

तो वरमला. ताईच्या पायांना हात लावून शपथ घेतली. ताईनं ती ऐकून घेतली आणि सासूबाईंना पडवीतून आत बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "एक डाव समजावलाय. दुसऱ्या डावाला समजावनार नाय."

ताईला मोठ्यानं बोलण्याचं वरदान होतं. मासळीवालीशी भाव करायला लागली की दोन गल्ल्यांतल्या बायका आपापल्या पाट्या घेऊन यायच्या, कारण ताईनं पाडलेला भाव सगळ्यांनाच मिळायचा. हसायचीही तशीच, मागच्या भिंतीला टेकून, पदर तोंडात न कोंबता. मला हळू बोलायची सवय होती. मी काही पुटपुटले की ती कानाला हात लावून म्हणायची, "कुनाला सांगतंस गो? भिंतीला?"

काही महिन्यांनी नवऱ्यानं माझा हात मोडला. कारण आठवायला गेलं तर हसू येईल. कालवणात मीठ कमी होतं. शेजारणीनं ताईला फोन केला. ती रिक्षा करून आली, भावाशी एक शब्द बोलली नाही आणि मला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशानं लागलं? मी म्हणाले, जिन्यावरून पडले. आमचं घर बैठं. जिना नव्हताच.

"लिवा, नवऱ्यानं मारलंय," ताई म्हणाली. "मी त्याची सख्खी बहीण. माझंबी नाव लिवा."

प्लास्टर घातल्यावर मला वाटलं, आता घरी. रिक्षा थांबली ती पोलीस ठाण्यापुढे. तिथल्या जमादारानं आम्हाला पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, घरातलं घरात मिटवा ना."

"मिटवायचं असतं तं घरीच बसलो असतो," ताई म्हणाली आणि बाकड्यावर मांडी घालून बसली. साहेब येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

तक्रार लिहून घेताना माझी वेगळीच पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव तोंडातून येईना. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी 'ते', 'हे' करत राहिले आणि मध्येच म्हणाले, "माझं नशीबच तसं."

"नशिबानं नाय मारलं, बाल्यानं मारलं," ताई म्हणाली. "लग्नात उखान्यात घेतलं होतंस ना नाव? आता हितं घे."

मी घेतलं. आडनावासकट घेतलं. लिहिणारी पोलीसबाई खाली मान घालून हसली आणि ताईनं माझ्या चांगल्या हातावर थोपटलं.

मी जांभूळला ताईच्या घरी राहिले. तिचा नवरा, आमचे दाजी, फारसं न बोलणारे. त्यांनी माझ्यासाठी मागच्या खोलीला आतून कडी बसवली, एवढंच. ताईला मात्र याची किंमत मोजावी लागली. भावानं निरोप धाडला, मला बहीण नाही. भाऊबीज बंद झाली. ताईच्या माहेरी चुलतभावाच्या मुलीची हळद होती. मांडवात ताई जाऊन बसली, तर शेजारच्या बायका उठून दुसरीकडे गेल्या. डीजे वाजत होता, सगळे नाचत होते आणि ताई रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकटी बसून जेवली. मटण दोनदा मागून घेतलं. मांडवाबाहेर थांबलेल्या रिक्षातून मी बघत होते; परतताना ती रडली. मी म्हणाले, "ताई, केस मागे घेऊ या." तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्यासाठी रडतं काय मी? माझी आई समोर असून बोलली नाय, म्हनून रडतंय. केसचं परत बोलू नको."

कोर्टात तिची साक्ष झाली. समोरच्या वकिलानं विचारलं, "जमिनीच्या वादातून तुम्ही भावाविरुद्ध बोलताय, खरं ना?"

"जमिनीच्या हक्कसोडावर मी कवाच सही दिली त्याला. जीभ नाय दिली."

"मग भावावर तुमचं प्रेम नाही?"

ताई थांबली. आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. "कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला. माझा भाऊ हाय म्हनून तं मी आले. मी नाय बोलली तं त्याला कोन सांगनार?"

नवऱ्यानं मान खाली घातली. निकाल यायला पुढं काही वर्षं गेली. त्याला शिक्षा झाली. मला वाटली होती त्याहून कमी, पण झाली. घटस्फोटही मिळाला. तोवर मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिवणकामाला लागले होते. आज तिथल्या एका लाइनची सुपरवायझर आहे. वांगणीला माझी खोली आहे. मशिनींच्या आवाजात बोलून माझाही आवाज मोठा झालाय.

गेल्या वर्षी ताई काविळीनं गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्यापाशी होते. ग्लानीतून जागी झाली की कामावर का नाही गेलीस म्हणून ओरडायची.

सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. अंगणात बायका जमल्या, आंघोळ झाली आणि कुणीतरी विचारलं, "माहेरचं लुगडं आलं काय?" भाऊ आला नव्हता. सासूबाई आल्या होत्या, लेकाच्या नकळत, रिकाम्या हातानं. त्या खांबाला धरून उभ्या होत्या.

मी पिशवीतून हिरवी साडी काढली.

"तू कशी देशील?" एक म्हातारी म्हणाली. "तुझी तं फारकत झाली. तू त्या घरची ऱ्हायली नाय."

मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नवऱ्याशी फारकत झाली. ताईशी नाही झाली."

मी घडी मोडली. साडी लांब, एकटीला आवरेना. तेव्हा सासूबाई खांब सोडून पुढं आल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"नीट धर गो," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीला नीट नेसव."